खेळाडूंचा बाजार आणि खेळाचीं घराणीं

“पैशानें खेळ नासला,” हें वाक्य फुटबॉलविषयीं जेथें बोलणें निघतें तेथें हटकून ऐकूं येतें. युरोपांतील मोठ्या क्लबांचे सामने आतां पुण्यामुंबईच्या घराघरांतून मध्यरात्र उलटेपर्यंत पाहिले जातात. लिव्हरपूल, माद्रिद, मिलान हीं नांवें आमच्या मुलांना स्वतःच्या जिल्ह्यांतील तालुक्यांपेक्षां अधिक पाठ असतात. आणि खेळाबरोबर त्या खेळाविषयींचे तिकडील वादहि आमच्या माजघरापर्यंत येऊन पोंचले आहेत. खेळाडूंना मिळणाऱ्या राक्षसी रकमा, एका क्लबांतून दुसऱ्यांत जातांना त्यांच्यावर पुकारले जाणारे भाव, आणि त्यामुळें बदलून गेली असें म्हणतात ती खेळण्याची रीत, या तीन गोष्टी एका दमांत सांगून शेवटीं “पूर्वींचा खेळ राहिला नाहीं” असा उसासा टाकला कीं चर्चा संपते. आमच्या मतें ती तेथें सुरू व्हावयास पाहिजे.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगानें. सन २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत लिओनेल मेस्सी यानें डबडबलेल्या डोळ्यांनीं बार्सेलोनाचा निरोप घेतला. आमचा एक भाचा लहानपणापासून त्या क्लबाचा निळा-तांबडा सदरा अंगांत घालून मिरवीत असे. तो दोन दिवस धड जेवला नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं त्यानें आम्हांला विचारलें, “मामा, आतां मीं बार्सेलोनाच्या बाजूनें राहावयाचें, कीं मेस्सीच्या?” वरवर पाहतां प्रश्न पोरकट, परंतु आपण एखाद्या संघावर प्रेम करतों म्हणजे नेमकें कशावर करतों, हाच प्रश्न त्यानें आपल्या भाषेंत विचारला होता. त्या वेळीं आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. तें शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही तक्रार मुळींच नवी नाहीं. इंग्लंडांत पैसे घेऊन खेळण्यास उघड मान्यता मिळाली ती सन १८८५ मध्यें. त्यानंतर वीसच वर्षांनीं, १९०५ सालीं, सन्डरलंडच्या आल्फ कॉमन यास मिडल्सब्रोनें एक हजार पौंड देऊन नेलें, आणि माणसाला एवढी किंमत पडावी याबद्दल गहजब झाला. त्याहून बोधप्रद उदाहरण लंडनच्या आर्सेनल क्लबाचें आहे. सन १९२५ मध्यें ऑफसाइडचा नियम बदलला. चेंडू पुढें दिला जातांना तो घेणाऱ्या खेळाडूच्या पुढें प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असले पाहिजेत, असा पूर्वींचा दंडक होता. आतां तिनाचे दोन झाले. त्याबरोबर पहिल्या श्रेणींतील गोलांची संख्या एका वर्षांत ११९२ वरून १७०३ वर गेली. त्याच उन्हाळ्यांत हर्बर्ट चॅपमन हा आर्सेनलचा व्यवस्थापक झाला, आणि त्यानें चार्ल्स ब्यूकन या खेळाडूस अशा कराराने घेतलें कीं, दोन हजार पौंड रोख, आणि पहिल्या मोसमांत तो जितके गोल करील त्या प्रत्येकामागें आणखी शंभर! ब्यूकननें एकवीस गोल केले, आणि सन्डरलंडच्या पदरांत एकूण चार हजार एकशें पौंड पडले. त्याच ऑक्टोबरांत न्यूकॅसलकडून सात गोलांनीं मार खाल्ल्यावर ब्यूकनच्याच सूचनेवरून चॅपमननें मधल्या फळींतील एक गडी मागें ओढून दोन बचावपटूंच्या मध्यें उभा केला, आणि पुढें जगभर अनुकरण झालेल्या एका नव्या मांडणीचा पाया घातला. सन १९२८ मध्यें त्यानें डेव्हिड जॅक यास दहा हजारांहून अधिक पौंडांस विकत घेतलें. लोक त्या संघाला ‘बँक ऑफ इंग्लंड’ म्हणूं लागले, आणि त्याचा खेळ पुष्कळांना कोरडा, हिशेबी व भाग्यावर हवाला ठेवणारा वाटूं लागला. पैसा, संघांतर आणि बदललेली रीत हीं तिन्ही एका ठिकाणीं आलेलीं पाहून उसासा टाकणारे शंभर वर्षांपूर्वींहि होते, एवढें यावरून सिद्ध होतें.

परंतु तक्रार जुनी आहे म्हणून ती खोटी ठरत नाहीं. तिच्यांत तीन निरनिराळ्या तक्रारी एकत्र बांधल्या आहेत, हा तिचा खरा दोष आहे. पहिली अशी कीं, खेळाडू इमानी राहिला नाहीं. दुसरी अशी कीं, ज्याच्याजवळ धन त्याचाच विजय होऊं लागला. आणि तिसरी अशी कीं, खेळाचें सौंदर्य नष्ट झालें. या तिन्हींची गांठ सोडवून एकेकीकडे पाहिलें तर निर्णय सरसकट एकच येत नाहीं.

इमानाची गोष्ट आधीं घेऊं. एकाच क्लबांत जन्म काढणारा जुना खेळाडू आठवून आज हळहळणाऱ्यांनीं तो तेथें कां राहिला हेंहि विचारावें. इंग्लंडांत अशी पद्धति होती कीं, खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबाच्याच हातीं राही. क्लबाची इच्छा नसेल तर त्याला दुसरीकडे जातां येत नसे, मग त्याला खेळवोत वा बसवून ठेवोत. त्यांत भर म्हणून पगारावर कमाल मर्यादा होती. सन १९०१ मध्यें ती आठवड्यास चार पौंड होती, आणि मर्यादा उठण्यापूर्वीं, सन १९५८ मध्यें, ती वीस पौंडांपर्यंत येऊन थांबली होती. पन्नास-साठ हजार प्रेक्षक ज्याला पाहण्यासाठीं पैसे मोजीत, त्याला एखाद्या कसबी कामगाराहून फारसें अधिक मिळत नसे. संपाची धमकी दिल्यावर, जिमी हिल या खेळाडूंच्या पुढाऱ्याच्या खटपटीनें, जानेवारी १९६१ मध्यें ही मर्यादा उठली. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टम यानें तर क्लब सोडूं देत नाहीं म्हणून खेळणेंच सोडलें, कांहीं महिने दुसरी नोकरी केली, आणि शेवटीं आर्सेनलकडे गेल्यावरहि न्यायालयांतील भांडण सोडलें नाहीं. सन १९६३ मध्यें न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं निर्णय दिला कीं, खेळाडूला असें अडकवून ठेवणें हा त्याच्या धंद्यावरील अन्याय्य निर्बंध होय.

तरीहि युरोपांत करार संपलेल्या खेळाडूवर किंमत मागण्याची चाल चालूच राहिली. ती मोडली एका बेल्जियन खेळाडूनें, ज्याचें नांव त्याच्या खेळापेक्षां त्याच्या खटल्यामुळेंच जगाला ठाऊक आहे. झां-मार्क बोस्मान याचा लिएज येथील क्लबाशीं असलेला करार सन १९९० मध्यें संपला. क्लबानें त्याला पुष्कळ कमी पगार देऊं केला. तो फ्रान्समधील डंकर्क येथें जाऊं म्हणाला, तर किंमतीवरून तें घडूं दिलें नाहीं. पांच वर्षें तो न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला. ता. १५ डिसेंबर १९९५ रोजीं लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयानें सांगितलें कीं, करार संपला कीं खेळाडू मोकळा. त्याच्यावर किंमत मागतां येणार नाहीं. आणि युरोपीय संघांतील एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशाच्या क्लबानें परका म्हणून संख्येची मर्यादा घालतां येणार नाहीं. बोस्मानची स्वतःची उमेद तोंवर सरली होती. त्यानें लावलेल्या झाडाचीं फळें दुसऱ्यांनीं खाल्लीं.

आमच्या रंगभूमीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत अपरिचित असें कांहीं वाटूं नये. सन १९१३ मध्यें बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. जुन्या मंडळीचे चाहते त्या दिवशीं हळहळले असतील. पण नटानें आमरण एकाच बिऱ्हाडीं राहावें, मालकानें देईल तें घ्यावें आणि त्यालाच इमान म्हणावें, असें आज कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. ज्याला दार उघडें आहे आणि तरीहि जो घरांत राहतो, त्याच्या राहण्याला इमान हा शब्द शोभतो. दाराला बाहेरून कडी घातलेल्याच्या राहण्याला नव्हे. यास्तव खेळाडूच्या स्वातंत्र्याबद्दल, आणि त्या स्वातंत्र्याबरोबर त्याला मिळणाऱ्या पैशाबद्दल, आम्ही तक्रार करणार नाहीं. प्रेक्षक ज्याच्यासाठीं येतात त्याच्या हातीं उत्पन्नाचा मोठा वांटा जावा हें न्यायाचेंच आहे. पूर्वीं तो जात नव्हता, म्हणून पूर्वींचा खेळ पवित्र होता असें म्हणणें म्हणजे दुसऱ्याच्या दारिद्र्याचें कौतुक करणें होय.

मात्र प्रत्येक न्याय्य गोष्टीची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, आणि बोस्मानच्या न्यायाची किंमत कोणीं दिली हें पाहिलें म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या तक्रारींतील सत्य हातीं लागतें. आम्सटरडॅम येथील आयाक्स हा क्लब म्हणजे फुटबॉलमधील एक घराणें आहे. घराणें हा शब्द आम्ही संगीतांतील अर्थानेंच योजीत आहों. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर हीं नांवें घेतलीं कीं आवाज लावण्याची, आलापाची, लयीशीं खेळण्याची एक विशिष्ट रीत डोळ्यांपुढें येते, आणि ती रीत पुस्तकांत नसून गुरूच्या समोर बसून उचललेली असते. आयाक्समध्यें रायनस मिशेल्स आणि योहान क्रायफ यांच्या काळापासून अशीच एक रीत रुजली होती. मैदान रुंद करावें, चेंडू आपल्याजवळ राखावा, गेला तर तत्काळ झडप घालून परत घ्यावा, आणि प्रत्येक गड्यानें दुसऱ्याच्या जागेवरहि खेळूं जाणावें, हीं तिचीं सूत्रें. आठ-दहा वर्षांच्या मुलांपासून मुख्य संघापर्यंत सर्वांना हीच तालीम मिळे.

ता. २४ मे १९९५ रोजीं व्हिएन्ना येथें आयाक्सनें मिलानचा एका गोलानें पराभव करून युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. तो गोल करणारा पॅट्रिक क्लुइव्हर्ट अठरा वर्षांचा होता. त्या रात्रीं खेळलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक खेळाडू क्लबाच्या स्वतःच्या शाळेंत वाढलेले होते. सात महिन्यांनीं बोस्मानचा निकाल लागला. पुढच्या वर्षीं डेव्हिड्स आणि रायझिगर हे एक छदामहि न देतां मिलानकडे गेले. त्यापुढील वर्षीं क्लुइव्हर्टहि तसाच गेला. कानू, फिनिदी, ओव्हरमार्स, डी बोअर बंधु, लिटमानेन, व्हान डर सार असे एकेक करून सारे गेले, आणि १९९९ साल उजाडून संपेपर्यंत त्या संघांतील जवळजवळ कोणीहि आम्सटरडॅमला उरलें नाहीं. प्रशिक्षक लुई व्हान गाल हाहि १९९७ मध्यें बार्सेलोनाला गेला.

आतां गंमत अशी कीं, ज्या मिलाननें हे तिघे खेळाडू आयते मिळविले, त्या मिलानला त्यांचा उपयोग झाला नाहीं. १९९७ मध्यें तो संघ इटलींत अकरावा आला आणि १९९८ मध्यें दहावा. तिघेहि एक-दीड वर्षांत तेथून निघून गेले, आणि अन्यत्र पुन्हां चमकले. म्हणजे मिलाननें गायक नेले, पण गायकी नेतां आली नाहीं. साथीदार, तालीम आणि सभोंवारचें वातावरण हीं मागेंच राहिलीं. आयाक्सजवळ तालीम राहिली, परंतु तयार झालेला शिष्य पहिल्या मैफिलीनंतर दुसऱ्याच्या दरबारीं जाऊं लागला. २०१९ मध्यें पुन्हां एकदां त्या घराण्यानें असाच तरुण संघ उभा केला. तो युरोपच्या उपान्त्य सामन्यांत शेवटच्या क्षणीं टॉटनहॅमकडून हरला, आणि त्याच उन्हाळ्यांत डी योंग बार्सेलोनाला व डी लिख्त युव्हेंटसला गेला. या वेळीं क्लबाला मोठ्या रकमा मिळाल्या हें खरें. पण संघ दुसऱ्या वर्षाला उरला नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

येथें कोणी म्हणेल कीं, पैशानें सौंदर्य मारलें हेंच तुम्हीं सिद्ध केलें. आम्हांला तसें वाटत नाहीं. पैशाचा स्वतःचा असा कोणताच खेळ नसतो. तो ज्याच्या हातीं पडतो त्याच्या वृत्तीप्रमाणें खेळतो. मिलान शहरांतीलच इंटर या क्लबाजवळ १९६० नंतर तेलाच्या व्यापारांत श्रीमंत झालेल्या आंजेलो मोराती यांचा पैसा होता. हेलेनिओ हेरेरा या प्रशिक्षकानें त्या पैशानें मोठमोठे खेळाडू जमविले, आणि त्यांना बचावाची अशी शिस्त लावली कीं त्या पद्धतीला इटालियन भाषेंतील ‘अडसर’ या अर्थाचें नांव पडलें. त्या अडसरानें १९६४ आणि १९६५ अशीं लागोपाठ दोन वर्षें युरोपचें विजेतेपद मिळविलें. १९६७ मध्यें लिस्बन येथें त्यांची गांठ ग्लासगोच्या सेल्टिक संघाशीं पडली. सेल्टिकचा प्रत्येक खेळाडू क्लबाच्या मैदानापासून सुमारें तीस मैलांच्या टापूंत जन्मलेला होता. इंटरनें आरंभींच एक गोल करून अडसर घातला. सेल्टिकनें सामनाभर धडका देऊन तो मोडला आणि दोन गोल करून चषक नेला. तेव्हां श्रीमंत संघ सुंदर खेळतो किंवा श्रीमंत संघ कुरूप खेळतो, हे दोन्ही सिद्धांत टिकत नाहींत.

शिवाय खेळाच्या रीतींत जे मोठे बदल झाले त्यांपैकीं पुष्कळ पैशानें नव्हे, तर नियमांनीं घडविले आहेत. १९२५ चें उदाहरण वर आलेंच आहे. १९९० ची विश्वचषक स्पर्धा इतकी रुक्ष झाली कीं ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले. मागें मागें चेंडू देऊन गोलरक्षकाच्या हातीं सोंपवावयाचा आणि वेळ काढावयाचा, हा धंदा झाला होता. १९९२ मध्यें, सोबत्यानें पायानें मुद्दाम दिलेला चेंडू गोलरक्षकानें हातांत घेऊं नये, असा नियम झाला. एका वाक्याच्या या नियमानें गोलरक्षकाला पाय फुटले! आज तो बचावपटूंच्या ओळींतील एक गडी होऊन पहिला पास देतो, आणि प्रतिपक्षाचे आघाडीचे खेळाडू थेट त्याच्यापर्यंत धांवत येतात. आजच्या खेळांतील जी सावध देवाणघेवाण जुन्या प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटते आणि जी झटापट नव्यांना आवडते, त्या दोहोंचें मूळ बऱ्याच अंशीं या नियमांत आहे. त्याचें खापर दलालांच्या डोक्यावर फोडणें योग्य नाहीं.

मग पैशानें केलें तरी काय? आमच्या मतें त्यानें दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही आडमार्गानें केल्या. पहिली ही कीं, त्यानें वेळ हिरावून घेतला. इंग्लंडांतील प्रमुख स्पर्धेचे देशांतर्गत प्रक्षेपणाचे हक्क २०१६ ते २०१९ या तीन मोसमांसाठीं सुमारें ५१३ कोटि पौंडांस विकले गेले. एवढी रक्कम ज्या पंक्तींत वाढली जाते तेथून एक पायरी खालीं घसरणें म्हणजे क्लबाचें दिवाळें. म्हणून चार सामने हरले कीं प्रशिक्षक जातो, आणि अठरा वर्षांच्या मुलाला चुका करीत शिकूं देण्यापेक्षां परदेशांतून तयार माल आणणें सोयीचें वाटतें. लेस्टरसारख्या संघानें २०१६ मध्यें, ज्यावर पांच हजारांस एक असा भाव होता तें विजेतेपद जिंकलें. चेंडू प्रतिपक्षाकडे राहूं द्यावा आणि संधि मिळतांच विजेसारखें तुटून पडावें, ही त्याची रीत. प्रचलित पंडिती खेळाच्या ती अगदीं उलट होती, म्हणूनच लोकांना ती आवडली. त्याच उन्हाळ्यांत त्या संघाचा कणा जो एन्गोलो कान्ते, तो चेल्सीनें नेला. आणि विजय मिळवून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरी यास नऊ महिन्यांत नारळ मिळाला. घराणें तयार होण्यास दोन पिढ्या लागतात; बाजार दोन मोसमहि थांबत नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, रीत ही घराण्याची न राहतां व्यक्तीची झाली. क्रायफनें आम्सटरडॅमची विद्या प्रथम खेळाडू म्हणून १९७३ मध्यें, आणि मग प्रशिक्षक म्हणून १९८८ मध्यें बार्सेलोनाला नेली. तेथें त्याचा शिष्य पेप ग्वार्दिओला तयार झाला, आणि त्यानें तीच विद्या संस्कारून म्यूनिकला व २०१६ मध्यें मँचेस्टरला नेली. विद्येचा प्रसार झाला याचा आनंदच मानावा. परंतु आज प्रत्येक मोठा क्लब त्याच पांच-सात गुरूंच्या शिष्यांकडून तीच विद्या विकत घेऊं पाहतो, आणि त्यामुळें लंडन, माद्रिद व म्यूनिक येथील खेळांत पूर्वीं जें वेगळेपण होतें तें पुसट होत चाललें आहे. एकट्यानें चेंडू घेऊन तिघांना चकवीत जाणारा खेळाडू हिशेबांत बसत नाहीं म्हणून लहानपणींच सरळ केला जातो. सगळ्या मैफिलींत एकच गायकी ऐकूं येऊं लागली तर ती कितीहि शुद्ध असो, श्रोता जांभई देणारच.

पैशाची मर्यादा कोठें आहे हें पॅरिसच्या क्लबानें उत्तम दाखविलें. २०११ मध्यें कतारच्या मालकीचा झालेल्या त्या क्लबानें २०१७ मध्यें नेमार यास बार्सेलोनापासून २२ कोटि २० लक्ष युरोंस घेतलें. हा आंकडा ऐकून जग थक्क झालें, पण त्या पैशानें पहिला बिघाड झाला तो तो घेणाऱ्याचा. हातांत अचानक आलेल्या धनानें बार्सेलोनानें महागडे खेळाडू घेतले, पगार फुगविले, कर्ज वाढविलें, आणि चार वर्षांनीं मेस्सीची नोंदणी करण्याइतकीहि ऐपत नियमांच्या चौकटींत उरली नाहीं. मेस्सी गेला तो पॅरिसलाच. नेमार, मेस्सी आणि एम्बाप्पे असे तिघे एका संघांत दोन वर्षें होते. युरोपचें अजिंक्यपद मात्र त्यांना मिळालें नाहीं. तिघेहि निघून गेल्यावर, लुईस एन्रिके यानें तरुण आणि सारखें धांवणाऱ्या खेळाडूंचा संघ बांधला, आणि त्यानें २०२५ मध्यें म्यूनिक येथें इंटरला पांच गोलांनीं धूळ चारून तें अजिंक्यपद मिळविलें. तोहि संघ स्वस्तांत जमला नव्हता. पण रत्नें वेंचणें वेगळें आणि हार ओंवणें वेगळें, हें त्या मालकांना चौदा वर्षांनीं कळलें.

राहिली दुसरी तक्रार, श्रीमंतांच्याच विजयाची. ही मात्र आम्हांला सर्वांत खरी वाटते, आणि तिचें पर्यवसान काय होऊं शकतें हें १८ एप्रिल २०२१ रोजीं दिसलें. त्या रात्रीं इंग्लंड, स्पेन व इटली येथील बारा धनाढ्य क्लबांनीं आपली निराळी स्पर्धा जाहीर केली; तींत संस्थापकांना पराभवामुळें बाहेर पडण्याची भीति नव्हती. दोन दिवसांत इंग्लंडचे प्रेक्षक रस्त्यावर उतरले, आणि सहाहि इंग्लिश क्लब मागें फिरले. जर्मनीचे क्लब त्यांत नव्हते. तेथें क्लबांतील बहुमत सभासदांच्या हातीं राहावें असा नियम आहे, हें त्याचें एक कारण. पण त्या नियमालाहि आम्ही रामबाण म्हणणार नाहीं. कारण तो असतांहि बायर्ननें २०१३ ते २०२३ अशीं अकरा वर्षें लागोपाठ स्पर्धा जिंकली, आणि ही सांखळी मोडणारा लेव्हरकुसेन हा क्लब एका कारखान्याचा असल्यामुळें त्या नियमाचाच अपवाद आहे.

या बाबतींत आपल्याकडचा अनुभव वेगळा नाहीं. गोव्याचे साळगांवकर, डेम्पो आणि स्पोर्टिंग हे क्लब देशाच्या फुटबॉलचे आधारस्तंभ होते. डेम्पोनें तर पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. २०१४ मध्यें शहरांच्या नांवांनीं नवे संघ विकून इंडियन सुपर लीग निघाली, आणि तीच पहिली श्रेणी करण्याचा बेत दिसूं लागतांच २०१६ मध्यें हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. डेम्पो २०२४ मध्यें खालच्या स्पर्धेंतून पायरी चढून परत आला. नव्या स्पर्धेनें रोषणाई व परदेशीं नामवंत आणले हें नाकबूल करतां येत नाहीं. पण खेळाच्या जोरावर नव्हे, तर रक्कम भरून पहिल्या पंक्तीला बसतां येतें हें एकदां ठरलें, म्हणजे ज्यांनीं गांवागांवांतून पोरें वेंचून वाढविलीं त्यांच्या श्रमाला मोल काय उरलें?

आणि याच ठिकाणीं आम्हांला कांहीं सुचवावयाचें आहे. खेळाडूचें स्वातंत्र्य परत घेऊं नये. पगाराला पुन्हां कुलूप लावूं नये. परंतु शिकविणाऱ्याचें ऋण आज फेडलें जातें त्याहून अधिक फेडलें जावें. २००१ पासून असा नियम आहे कीं, करार चालूं असतां खेळाडू दुसऱ्या देशांतील क्लबाकडे गेला तर किंमतीचे शेंकडा पांच, तो बारा ते तेवीस वर्षांचा असतांना ज्या ज्या क्लबांत वाढला, त्यांना वांटून द्यावे. तेवीस वर्षांच्या आंतील खेळाडूंसाठीं प्रशिक्षणाच्या खर्चाच्या भरपाईचा निराळा नियमहि आहे. पण किंमतीचा हा वांटा अवघा पांच. आणि करार संपवून मोकळा गेलेल्या खेळाडूवर किंमतच नसल्यामुळें तेथें शेंकडा पांच कशाचे काढणार? एम्बाप्पे २०२४ मध्यें असाच माद्रिदला गेला. ज्या व्यवहारांत खेळाडू, दलाल आणि मालक या तिघांचेंहि भलें होतें, त्यांत पहिल्या गुरूची पाटी कोरी राहावी, हें आम्हांला पटत नाहीं. हा वांटा वाढला, तर लहान घराण्यांना आपली तालीम चालूं ठेवण्याची उमेद राहील. आणि खेळाची विविधता टिकली तर ती तेथेंच टिकेल.

आतां भाच्याच्या प्रश्नाकडे वळूं. मेस्सी तेरा वर्षांचा असतांना, सन २००० मध्यें, अर्जेंटिनाहून बार्सेलोनाला आला. त्याच्या वाढीसाठीं लागणाऱ्या औषधोपचारांचा खर्च क्लबानें केला, आणि आपली विद्या त्याला दिली. ज्या क्लबानें हें केलें त्याच क्लबानें पुढें पैशाच्या नादीं लागून त्याला गमावलें. तेव्हां क्लब म्हणजे त्याचे मालक नव्हेत, आणि एखादा खेळाडूहि नव्हे. ती तालीम म्हणजे क्लब. तिच्यावर प्रेम करणाऱ्याला बार्सेलोना कीं मेस्सी, असा पक्ष घेण्याचें कारण नाहीं. कर्जानें वांकलेल्या त्या क्लबानें २०२५ मध्यें स्पेनचें विजेतेपद मिळविलें, तेंहि बऱ्याच अंशीं आपल्याच शाळेंतील पोरांच्या बळावर. लामीन यमाल हा त्यांच्यापैकींच एक. तो मुख्य संघांत प्रथम खेळला तेव्हां अवघा पंधरा वर्षांचा होता.

हें उत्तर आम्हीं भाच्याला सांगितलें. तो आतां कॉलेजांत जातो. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें, आणि पटल्यासारखी मान हालविली. त्याच रात्रीं आम्ही दोघे एक सामना पाहात बसलों होतों. यमालनें उजव्या बगलेवरून चेंडू घेतला, दोघांना चकविलें, आणि आमच्या तोंडून नकळत ‘वाहवा’ निघालें. भाचा म्हणाला, “मामा, आज बाजारांत याला किती येतील?” त्याच्या स्वरांत हांव नव्हती, तो कौतुकच करीत होता. पण एवढ्या सुंदर हालचालीचें कौतुक करावयास त्याला दुसरे शब्द सुचले नाहींत. खेळाडूला पैसा मिळाला याचें आम्हांला दुःख नाहीं, आणि नियमांनीं खेळाची रीत बदलली याचेंहि नाहीं. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तराजू येऊन बसला, याचें मात्र आहे. आणि तो काढून टाकणें कोणत्याहि न्यायालयाच्या हातीं नसून आमच्याच घराघरांतील वडील माणसांच्या हातीं आहे, असें आम्हांस वाटतें.